काळं सॅटिन आणि जुन्या मोटारी: संग्रहालयात फोटो काढायला शिकणाऱ्यांसाठी

मोटारींच्या संग्रहालयात पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेले, तेव्हा अंगात नारिंगी कुर्ता होता. घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले, तर प्रत्येक हेडलाइटच्या वाटीत, प्रत्येक बंपरवर, हबकॅपच्या (चाकावरच्या गोल झाकणाच्या) बरोब्बर मधोमध एक नारिंगी ठिपका. मीच ती. एकूण ४१२ फोटो, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त फोटोंत मी कॅमेरा डोळ्याला लावून वाकलेली. उरलेल्यांत बाहेर जाण्याच्या दाराची हिरवी पाटी बॉनेटवर उलटी उमटलेली. गाडी अशी एकाही फोटोत धड नव्हती.

तेव्हा पहिली सूचना हीच, आणि ती घरून निघण्याआधीची आहे: काळे किंवा गडद राखाडी कपडे घाला. चमचमती बटणं नकोत, लोंबती ओढणी नको, पट्ट्याचं धातूचं बक्कल पुढे नको. बक्कल नको म्हणण्यात दुसरंही कारण आहे. गाडीजवळ वाकलात आणि ते रंगाला घासलं, तर पन्नास-पाऊणशे वर्षं जपलेल्या रंगावर तुमची सही कायमची उठेल. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात सैल लोंबू देऊ नका, मनगटाला गुंडाळा. खांद्यावरची पिशवी जमलं तर बाहेरच ठेवा. वळताना आपल्याला आपली रुंदी आठवते, पिशवीची आठवत नाही.

मी तीस वर्षं कपडे शिवते आहे. भाच्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला, एवढाच माझा छायाचित्रणाशी संबंध. पण मोटारींपाशी उभी राहिल्यावर लक्षात आलं की यातलं निम्मं काम मला आधीपासून येतं. काळ्या सॅटिनवर काळ्या धाग्याने टीप घालताना कितीही मोठा दिवा लावला तरी शिवण दिसत नाही. कापड थोडं तिरकं धरलं की चमक घडीच्या कडेवर येते आणि सगळं उघडं होतं. मोटारीचा पत्रा हे तसंच कापड आहे. फरक एवढाच, की इथे कापड तिरकं करता येत नाही आणि दिवाही सरकवता येत नाही. तेव्हा हलायचं आपण. या लेखात पुढे जे काही आहे ते सगळं या एका अडचणीतून निघालेलं आहे.

आत गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं कॅमेरा बंद ठेवा. हे सांगायला सोपं आहे. मला स्वतःला ते तिसऱ्या खेपेला जमलं. हात मागे बांधायचे आणि एका गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारायची. गाडी पाहायची नाही, गाडीत काय दिसतंय ते पाहायचं. फुगीर बॉनेट आणि मडगार्ड अख्खं छत आपल्यात गोळा करतात: नळीचे दिवे, पंखे, वातानुकूलनाचे पाइप, सगळं. सपाट दारात समोरची भिंत दिसते, किंवा शेजारची लाल गाडी. खालच्या बाजूला फरशीचे चौकोन दिसतात. आता जागच्या जागी गुडघ्यात थोडं वाका, मग सरळ व्हा. बॉनेटवरचा दिव्याचा पट्टा पाण्यासारखा सरकलेला दिसेल. अर्धं पाऊल डावीकडे गेलात की तो मडगार्डच्या कडेवर जाऊन बसेल, आणि एवढा वेळ सपाट दिसणारं मडगार्ड एकदम गोल होईल.

ती जागा हवी. प्रकाशाची रेघ पत्र्याच्या उंचवट्यावरून सलग धावली पाहिजे, इस्त्रीने पाडलेल्या विजारीच्या घडीसारखी. रेघ मध्येच तुटली, किंवा दाराच्या ऐन मध्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग पडली, तर ते डाग दिसतात. छतात छोटे गोल दिवे असतील तर असे डाग टळत नाहीत. मग निदान ते बोधचिन्हावर, दाराच्या मुठीवर किंवा हेडलाइटच्या कडेवर येणार नाहीत एवढं बघायचं. लांब नळीचे दिवे ज्या दालनात असतील तिथे गाडीच्या लांबीला समांतर दिवा कुठला, ते शोधा. त्या बाजूने काढलेला फोटो बहुतेक वेळा जमतो. मोठी खिडकी असेल तर प्रश्नच मिटला. खिडकीचा प्रकाश मऊ असतो, एका बाजूने येतो आणि गाडीच्या अंगावरून हळूहळू उतरतो. अशा गाडीला मी अर्धा तास देते, कोपऱ्यातल्या गाडीला पाच मिनिटं. सगळ्या गाड्यांना सारखा वेळ देणारी माणसं मला नेहमी थोडी घाबरलेली वाटतात.

पोलरायझर नावाची एक गोल फिरवता येणारी काच लेन्सपुढे लावतात. ती प्रतिबिंब कमी करते, हे खरं आहे, पण अर्धं. रंगावरचं आणि काचेवरचं प्रतिबिंब ती खाते. उघड्या धातूवरचं, म्हणजे क्रोमवरचं, तिला खाता येत नाही. शिवाय ती कोनावर चालते. पृष्ठभागाकडे अगदी समोरून पाहिलं तर काहीच फरक पडत नाही. पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांच्या तिरकस नजरेने पाहिलं तर सगळ्यात जास्त पडतो. मोटार सगळीकडून गोल असल्यामुळे एका ठिकाणचं प्रतिबिंब जातं आणि हातभर पुढचं तसंच राहतं. त्यात प्रकाशही दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणं) खर्च होतो, आणि आत तो आधीच तुटपुंजा असतो. मी ती खिशात ठेवते आणि पुढच्या काचेतून स्टिअरिंग दिसावं एवढ्यासाठीच काढते. मोबाइलवर काढत असाल आणि तुमचा उन्हाचा चष्मा पोलराइज्ड असेल, तर त्याची एक काच मोबाइलच्या लेन्सपुढे धरून हळूहळू फिरवा. चालतं. मात्र सगळीच चमक पुसून टाकली की गाडी ओल्या फडक्याने पुसल्यासारखी निस्तेज दिसते. चमक शत्रू नाही, फक्त ती जागेवर हवी.

फ्लॅश बंद. बहुतेक संग्रहालयांत त्याला बंदीच असते, पण परवानगी असली तरी बंद. फुगीर पत्र्यावर त्याचा पांढरा गोळा उठतो, गाडीचा पुढचा भाग भाजतो आणि मागचा अंधारात जातो. याहून जास्त त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

आता कॅमेऱ्याची बटणं. नव्याने शिकणारे इथेच सगळ्यात जास्त अडखळतात, आणि खरं तर इथे ठरवायचं फार थोडं आहे. डोळ्याला दालन लख्ख वाटतं, कॅमेऱ्याला नाही. माझ्या अनुभवातल्या नेहमीच्या दालनात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) ३२०० ठेवला तर एफ ४ वर (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं) १/१२५ सेकंदाचा शटर मिळतो, म्हणजे शटर तेवढाच वेळ उघडा राहतो. तोच फोटो एफ ८ वर काढायचा तर शटर १/३० वर येतो. फरक काय पडतो? माझ्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स लावून चार मीटरवरच्या गाडीवर फोकस केला, तर एफ ८ ला तिरकी उभी असलेली गाडी नाकापासून शेपटीपर्यंत स्पष्ट येते. एफ ४ ला नाक स्पष्ट, शेपटी थोडी मऊ. अख्खी गाडी हवी तेव्हा एफ ८, एखादा भाग हवा तेव्हा एफ ४ किंवा त्याहून उघडं. एवढं लक्षात ठेवलं तरी दिवस निघतो.

कॅमेरा ॲपर्चर प्राधान्याच्या मोडवर ठेवा (ॲपर्चर, म्हणजे तो एफचा आकडा, आपण ठरवायचा आणि शटर कॅमेऱ्याने), म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांवर ‘ए’ किंवा ‘एव्ही’. आयएसओ आपोआप, पण त्याची कमाल मर्यादा ६४०० घालून. आयएसओ वाढल्याने फोटोत दाणे आले तर येऊ द्यात. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सावरता येत नाही. मी सुरुवातीला दाण्यांच्या भीतीने आयएसओ ४०० वर अडून बसले होते. त्या दिवशीचे सगळे फोटो हललेले निघाले आणि मी आठवडाभर लेन्सला दोष देत होते.

एक खोडी मात्र माहीत असलेली बरी. विजेच्या दिव्यांची उजळ-मंद अशी उघडझाप चालू असते. ती डोळ्याला दिसत नाही, शटरला दिसते. जिथे वीज ५० हर्ट्झची असते तिथे दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो. अशा ठिकाणी शटर १/५० किंवा १/१०० ठेवला तर प्रत्येक फोटोला सारखा प्रकाश मिळतो. १/५०० वर गेलात तर एक फोटो उजळ, दुसरा पिवळट, तिसऱ्यावर आडवे पट्टे, असं होऊ शकतं. ६० हर्ट्झच्या विजेवर हेच आकडे १/६० आणि १/१२५ असे घ्यायचे. गाड्या उभ्याच आहेत, घाई कसली. वेगवान शटरची इथे गरज नाही.

ट्रायपॉड सहसा आत नेऊ देत नाहीत. माणसं अडखळतात आणि त्यांचं बरोबर आहे. मग शरीराचाच ट्रायपॉड करायचा. शिलाई यंत्रावर बारीक काम करताना कोपर टेबलाला टेकवतो, तसं इथे कोपर बरगड्यांना टेकवा. खांब असेल तर खांद्याने त्याला टेका. एका गुडघ्यावर बसा आणि दुसऱ्या गुडघ्यावर कोपर ठेवा. श्वास अर्धा सोडून बटण हळूच दाबा, आणि सलग तीन फोटो घ्या. बटण दाबताना आणि सोडताना हात हलतो, त्यामुळे मधला बहुधा सगळ्यात स्पष्ट येतो. कॅमेऱ्यात कंपन रोखायची सोय असेल तर अशा बैठकीतून १/१५ सुद्धा जमतो. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांसाठी: पडदा बाहेर उघडणारा कॅमेरा असेल तर तो छातीपाशी किंवा कमरेपाशी धरून वरून पाहत फोटो काढा. मी आता बहुतेक तसंच करते. एकदा खाली बसल्यावर उठायला मी शेजारच्या खांबाचा आधार घेतला, तो नेमका माहितीच्या फलकाचा पोकळ खांब होता. फलक, मी आणि रखवालदार, तिघेही हादरलो.

उंचीबद्दल थोडं. उभं राहून डोळ्याच्या पातळीवरून काढलेल्या फोटोत गाडी चेपलेली दिसते, छप्पर मोठं आणि चाकं खुजी. कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर आणलात की ती आपल्याकडे पाहू लागते. त्याहून खाली, हबकॅपच्या उंचीवर गेलात तर लांब बॉनेटच्या गाड्या रुबाबदार दिसतात, पण उंच टपाच्या जुन्या गाड्या अंगावर आल्यासारख्या. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून जास्त निघालेली फोर्डची मॉडेल टी उंच, अरुंद आणि साधी आहे. तिला खालून पाहून महाराणी करू नये. कमरेच्या उंचीवरून सरळ पाहावं. ती जशी आहे तशीच छान दिसते.

दुसरी चूक लेन्सची. जागा कमी असते, गाडी मावत नाही, म्हणून आपण मोबाइलची सगळ्यात रुंद लेन्स निवडतो आणि जवळ जातो. मग पुढचा मडगार्ड भोपळ्याएवढा आणि मागचं चाक बशीएवढं. जवळून आणि रुंद काढलेल्या फोटोत गाडीचं माप बिघडतं. मापात गडबड झालेला कपडा मला जसा लांबूनच कळतो, तसं हे जुन्या गाड्यांच्या जाणकाराला एका नजरेत कळतं. शक्य तितकं मागे जा आणि थोडं झूम करा. मोबाइलवर दुप्पट, कॅमेऱ्यावर ५० ते ८५ मिमीच्या आसपासची दृष्टी. मागे भिंत आली तर पाठ भिंतीला टेकवा. तरीही गाडी मावली नाही, तर अख्खी गाडी घ्यायचा हट्ट सोडा. पुढचा तीन चतुर्थांश भाग घ्या आणि शेपटी चौकटीबाहेर जाऊ द्या. पण कापायचं तर ठामपणे कापा. मागचं चाक अर्ध्यावर कापलं तर ते मुद्दाम वाटतं, बंपरची फक्त बोटभर कड कापली तर विसरल्यासारखं.

कोन कुठला घ्यावा यात मी फार डोकं घालत नाही. समोरून थोडं एका बाजूला, म्हणजे पुढचा चेहरा आणि एक पूर्ण बाजू दिसेल असा कोन, सुरक्षित असतो. तो आधी काढून घ्या. मग अगदी समोरून एक. मग एकदम बाजूने एक. पण बाजूने काढताना कॅमेरा गाडीला काटकोनात आणि दोन चाकांच्या बरोबर मधोमध हवा, नाहीतर एक चाक लंबगोल होतं. मागून काढायला विसरू नका. १९५९ च्या कॅडिलॅकपाशी लोक पुढून फोटो काढून निघून जातात, आणि त्या गाडीचं सगळं वैभव मागे: उंच पंख आणि त्यांच्या मध्यातून निघालेले बंदुकीच्या गोळीसारखे जोडीचे लाल दिवे. मर्सिडीजची १९५४ ची ३०० एसएल असेल आणि तिची दारं पंखांसारखी वर उघडून ठेवली असतील, तर उंबऱ्याकडे पाहा. तो विलक्षण उंच आहे, कारण गाडीचा नळ्यांचा सांगाडा तिथूनच जातो आणि म्हणूनच दारं वर उघडावी लागली. पंखांचा फोटो सगळे काढतात. दार, उंबरा आणि आतली बैठक एका चौकटीत घेतली तर ती दारं तशी का आहेत तेही दिसतं.

फोकस कुठे? माणसाच्या फोटोत जवळच्या डोळ्यावर, तसा गाडीत जवळच्या हेडलाइटच्या कडेवर किंवा बोधचिन्हावर. हेडलाइटच्या काचेवर फोकस लावू नका, कॅमेरा आतल्या परावर्तकात हरवतो. १९३० च्या दशकातल्या कॉर्ड ८१० सारख्या गाडीला तर डोळेच नाहीत; हेडलाइट मडगार्डमध्ये लपवलेले, आतून हाताने फिरवून बाहेर काढायचे. तिथे मी नाकाभोवती गुंडाळलेल्या आडव्या पट्ट्यांवर फोकस लावते.

रंगानुसार उजेड बदलावा लागतो, आणि हे आपोआप होत नाही. कॅमेरा समोरच्या सगळ्या वस्तूंची सरासरी मध्यम राखाडी असावी असं धरून चालतो. चौकट भरून काळी गाडी असेल तर तो तिला उजळवतो, काळ्याचं धुवून विटलेलं कापड होतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटोचा उजेड कमी-जास्त करायची सोय, उणे एकपर्यंत खाली घ्या. पांढऱ्या गाडीला उलट, अधिक एकपर्यंत. नाहीतर ती मळकट येते. अंधाऱ्या दालनात एकाच गाडीवर झोत सोडलेला असेल तर मात्र कॅमेरा भोवतालच्या काळोखाला भुलतो आणि गाडी जाळतो, मग तिचा रंग कुठलाही असो. तिथे उणेच. मोबाइलवर गाडीच्या उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथे जखडतो, मग बोट खाली सरकवून उजेड कमी करा.

काळी गाडी टाळता येणार नाही. १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगातच मिळायची, त्यामुळे संग्रहालयात एक तरी भेटतेच. तिच्यावर चमकेची ती एक रेघ मिळाल्याशिवाय बटण दाबू नका. काळ्या गाडीचा आकार फक्त त्या रेघेतच असतो. लाल गाडी वेगळा त्रास देते. फोटो उजेडाला ठीक वाटतो, पण लाल रंग एकट्याने ओसंडतो आणि सगळ्या घड्या, वळणं एका लाल लगद्यात जातात. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख, डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड) रंगांनुसार वेगवेगळा दाखवण्याची सोय असेल तर लाल उजव्या भिंतीला आदळतोय का ते पाहा, आणि अर्धा स्टॉप खाली या. लाल मखमलीचे फोटो काढतानाही हेच होतं. गिऱ्हाइकाला रंग दाखवायला पाठवलेल्या फोटोंनी मला ते फार आधी शिकवलं होतं.

रंगांचा खरेपणा हा माझा हळवा विषय आहे. संग्रहालयात छतात एक प्रकारचे दिवे, भिंतीवर दुसरे आणि खिडकीतून दिवसाचा उजेड, अशी खिचडी असते. आपोआप व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगांची जुळणी, प्रत्येक फोटोला वेगळा निर्णय घेतो. एका दालनात शिरल्यावर एका पांढऱ्या किंवा राखाडी कागदाचा फोटो काढा, त्यावरून व्हाइट बॅलन्स ठरवा आणि त्या दालनापुरता तोच ठेवा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने संस्कार न केलेला कच्चा फोटो) काढत असाल तर हे घरी येऊनही करता येतं, पण कागदाचा तो एक फोटो तरी हवाच. हे इतकं का? कारण जुन्या गाड्यांवरचा धातू आपलं वय रंगातून सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गाड्यांवर पितळ, पिवळंधमक. मॉडेल टीचा पितळी रेडिएटर १९१६ पर्यंत टिकला. मग निकेल, पांढरा पण किंचित उबदार, दुधात केशराचा एक तंतू पडावा तसा. क्रोम आला १९२० च्या दशकाच्या शेवटी, थंड, निळसर, आरशासारखा. निकेलची गाडी निळसर फोटोत क्रोमची दिसली, तर आपण तिचा जन्मच दहा वर्षं पुढे ढकलला.

‘व्हिंटेज’ हा शब्दही आपण सरसकट वापरतो. काटेकोर अर्थाने १९१९ ते १९३० च्या गाड्याच व्हिंटेज. फोटो काढताना त्याने बिघडत काही नाही, पण त्या अकरा-बारा वर्षांच्या गाड्यांत फोटोला मिळणारी एक गोष्ट पुढे नाहीशी झाली: सुटे सुटे अवयव. हेडलाइट वेगळे उभे, मडगार्ड वेगळे पसरलेले, फूटबोर्ड बाहेर, जादा चाक बाजूला बांधलेलं, बॉनेटवर चामड्याचा पट्टा. पुढे सगळं एका पत्र्याखाली गेलं. म्हणून या गाड्यांचे तुकड्या-तुकड्यांचे फोटोच मला जास्त आवडतात, आणि नव्याने शिकणाऱ्यालाही तेच सोपे. अख्ख्या गाडीच्या फोटोत मागचा फलक, दोर, दुसऱ्यांचे पाय, अग्निशामक नळकांडं सगळं येतं. हातभर भागाच्या फोटोत तुम्हीच मालक.

काय शोधावं? बॉनेटच्या बाजूच्या झडपांची रांग, तिच्यावरून एकेक उतरणारी सावली. लाकडी आऱ्यांच्या चाकात लाकडाचे तंतू. बुगाटी टाइप ३५, म्हणजे १९२४ ची, तिच्या ॲल्युमिनियमच्या चाकांचे आठ चपटे आरे. तारांच्या चाकांच्या गर्दीत ते वेगळे उठून दिसतात. रोल्स रॉइसच्या रेडिएटरवरची पुढे झुकलेली मूर्ती, चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने १९११ मध्ये घडवलेली. तिचा फोटो समोरून काढू नका, ती बाजूने बोलते. वस्त्र मागे उडालेलं तिथूनच दिसतं. मागे काळोखी कोपरा येईल अशी जागा धरा, एफ २.८ किंवा लेन्स जितकी उघडेल तितकी, आणि फोकस चेहऱ्यावर. सिट्रोएन डीएसचं एकाच आऱ्याचं स्टिअरिंग. दारामागच्या खांबातून बाहेर येणारा, दिशा दाखवणारा छोटा हात, तो उघडा ठेवला असेल तर नशीब.

आणि बैठका. इथे माझा वेळ हमखास जातो. चामड्याच्या उभ्या पट्ट्या, त्यांच्या शिवणीत भरलेला गोट, कोपऱ्यावर गोट वळवताना कारागिराने घातलेल्या चुण्या. एका गाडीत मागच्या बैठकीच्या कडेला तीन टाके हाताचे दिसले, बाकी सगळे यंत्राचे. कुणीतरी नंतर दुरुस्त केलेलं. अशा फोटोला बाजूने सरपटत येणारा प्रकाश हवा. खिडकीच्या बाजूच्या दारापाशी उभे राहा. उघड्या टपाची गाडी असेल तर कॅमेरा दोराच्या वरून हात लांब करून नेता येतो, पण गाडीच्या वर कॅमेरा नेऊ नका. हात दमतो, कॅमेरा निसटतो, आणि मग जन्मभर आठवत राहतं. बंद गाडीच्या काचेला लेन्स टेकवू नका, ती काचही गाडीच आहे. थोडं दूर राहून, डोक्याची आणि अंगाची सावली काचेवर पाडून काढा. काळे कपडे इथे पुन्हा उपयोगी येतात. संग्रहालयाच्या स्वतःच्या काचेच्या पेटीला मात्र, हरकत नसेल तर, लेन्सभोवती रबराचं मऊ कडं (हूड) लावून अलगद टेकवता येतं. मग प्रतिबिंब उरतच नाही.

दोरांचा राग करू नका. कॅमेरा दोराच्या वर किंवा खाली नेऊन बहुतेक दोर चौकटीबाहेर काढता येतात. खालून गेलात तर उंचीही आपोआप बरोबर मिळते. माणसांसाठी थांबावं लागतं. दार उघडल्या उघडल्या पहिला तास रिकामा असतो, सुट्टीचा दिवस नसेल तर आणखी. तरी कुणी मध्ये आलंच तर त्याला बाजूला व्हायला सांगू नका, तोही गाडी पाहायलाच आलाय. गाडीच्या दारात वाकून डॅशबोर्ड पाहणाऱ्या एका मुलीचा फोटो माझ्या हातून चुकून निघाला, पाठमोरा, चेहरा न दिसणारा. त्या दिवशीचा तोच एक मी मोठा छापून घेतला.

घरी आल्यावर लगेच फोटो उडवायचे नाहीत, दोन दिवस जाऊ द्या. मग प्रत्येक गाडीचे तीनच ठेवायचे. सुधारणा थोडीच करा: फोटो तिरका असेल तर सरळ करा, सावल्या किंचित उघडा, उजळ भाग थोडा खाली आणा. उरलेला एखादा चमकेचा ठिपका दुरुस्तीच्या ब्रशने पुसला तर चालेल, पण सगळे पुसू नका. तीक्ष्णता वाढवण्याचं बटण क्रोमवर फार चढवलं की कडेने पांढरी किनार येते, खडूची खूण धुवायची राहून गेल्यासारखी.

एक काम मात्र आतच उरकायचं. प्रत्येक गाडीचा पहिला फोटो तिच्या पाटीचा. नाव, साल, बनवणारी कंपनी, सगळं त्यात येतं आणि पुढचे फोटो कुणाचे ते कळतं. मी हे सुरुवातीला केलं नव्हतं. त्या ४१२ मधला एक हेडलाइट अजून माझ्याकडे आहे. पितळी, बाजूला एक बारीक पोचा, आणि मधोमध नारिंगी ठिपका. गाडी कुठली ते आजतागायत सापडलेलं नाही.